पस्तीसचा उंबरठा

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल गावी वॉल्टर पोरीज नावाचे सर्जन १९८० पासून अतिस्थूल माणसांच्या जठराचं एक ऑपरेशन करत होते. हेतू सरळ होता. पोटात जागाच कमी ठेवायची, म्हणजे माणूस कमी खाईल आणि वजन उतरेल. वजन उतरायचंही, पण त्याआधी भलतंच काहीतरी घडायचं. ऑपरेशनला अजून आठवडाही झालेला नसायचा, काट्यावर नाव घेण्यासारखा फरक पडलेला नसायचा, आणि कालपरवापर्यंत इन्शुलिन टोचून घेणाऱ्या माणसाची साखर ताळ्यावर आलेली असायची. चौदा वर्षांत ६०८ रुग्ण झाले. त्यांतल्या मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नुसती उतरली नाही, उतरलेलीच राहिली. पोरीज यांनी १९९५ साली हे सगळं छापलं तेव्हा निबंधाच्या शीर्षकातच आश्चर्य होतं: असं होईल हे कुणाच्या ध्यानीमनी तरी आलं असतं का?

चाकू चालला जठरावर आणि बरा झाला मधुमेह. गवंड्याने स्वयंपाकघराची भिंत सरकवावी आणि माडीवरचं गळकं छप्पर थांबावं, तसला हा प्रकार.

आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना वाटतं की हे ऑपरेशन म्हणजे चरबी काढून टाकणं. तसं नाही; चरबीला कुणी हातही लावत नाही. आज सर्वात जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे ‘स्लीव्ह’. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बीण आत घालतात, जठरातून अंगठ्याएवढी जाड नळी खाली सोडतात, आणि त्या नळीच्या कडेकडेने स्टेपलर चालवत नेतात. हा स्टेपलर एकाच दाबात टाके घालतो आणि मधून कापतोही. जठराचा सुमारे पाऊण भाग, बाहेरच्या बाजूचा फुगीर कोथळा, त्याच छिद्रातून बाहेर येतो. आत उरतं ते केळ्याच्या आकाराचं जठर. गंमत म्हणजे हे मुळात अर्धंच ऑपरेशन होतं. फारच जास्त वजनाच्या रुग्णांना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नसे, म्हणून आधी एवढं करून ठेवायचं आणि काही महिन्यांनी बाकीचं करायचं. पण पुष्कळांचं वजन पहिल्या अर्ध्यानेच इतकं उतरलं की दुसऱ्या अर्ध्याची पाळीच येईना.

जुनं आणि जास्त गुंतागुंतीचं ते ‘बायपास’. यात जठराच्या वरच्या टोकाची लिंबाएवढी पिशवी वेगळी करतात. तीत दोन मोठे चमचे पाणी मावावं. मग लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर ओढून या पिशवीला जोडतात, आणि वरचं टोक खाली नेऊन पुन्हा आतड्यालाच शिवतात. इंग्रजी वाय अक्षर तयार होतं. घास आता जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा पहिला पट्टा टाळून थेट पुढे उतरतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपासची पहिली आवृत्ती सुरू केली. अल्सरसाठी जठराचा तुकडा काढलेल्या बायकांचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. 

आता साखरेचं कोडं. जठराच्या त्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते मेंदूला सांगतं, भूक लागली. जपानी शास्त्रज्ञांना ते १९९९ साली सापडलं. स्लीव्हमध्ये तो भागच बाहेर गेलेला असतो. म्हणजे कडकडून भूक लागल्याची हाकाटी करणारी घंटाच उतरवून ठेवली. दुसऱ्या टोकाला, लहान आतड्याच्या शेवटाकडे, जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडणाऱ्या पेशी असतात. एरवी त्यांच्यापर्यंत अन्न पोचतं ते बरंचसं पचून, उशिरा. बायपासच्या नव्या वाटेने ते लवकर आणि अर्धं-कच्चं येऊन धडकतं. पेशी खडबडून जाग्या होतात, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतात. पित्ताम्लांचा प्रवाह बदलतो. आतड्यातली जंतूंची वस्तीसुद्धा बदलते. बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ साली बायपास केलेल्या उंदरांच्या आतड्यातले जंतू ऑपरेशन न झालेल्या उंदरांमध्ये सोडले, तर त्यांचंही वजन उतरलं. चाकू न लावता!

म्हणजे जठर ही नुसती थैली नव्हे. आपण जिला पोट म्हणतो ती एक बोलकी ग्रंथी आहे, आणि ऑपरेशनने थैली लहान होते त्याहून तिचं मेंदूशी चाललेलं बोलणं जास्त बदलतं. म्हणूनच ‘तोंड आवरा की’ हा सल्ला इतका निरुपयोगी ठरतो. डाएट करून वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं, शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं. ऑपरेशननंतर ही ओढ सैल पडते. हल्ली गाजणारी आठवड्याला एक टोचायची वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. आतड्याची जोडणी न बदलता आतड्याचा आवाज काढायचा, एवढाच त्यांचा खेळ.

इतकं विलक्षण ऑपरेशन, मृत्यूचा धोका हजारात एखादा, साधारण पित्ताशय काढण्याच्या पंक्तीतला. अमेरिकेत दर पाच प्रौढांमागे दोघे स्थूल. मग रांगा लागल्या असतील? नाही. पात्र असलेल्यांपैकी वर्षाला जेमतेम एक टक्का लोक हे करून घेतात. भीती असते, लाज असते. पण दारावर आणखी एकजण उभा असतो, हातात आकडा घेऊन. तो आकडा म्हणजे पस्तीस: बीएमआय त्याच्या खाली असेल तर आत प्रवेश नाही.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनला आपले एक काका राहतात. उंची साडेपाच फूट, वजन २०५ पौंड, म्हणजे ९३ किलो. अठ्ठेचाळिशीचे, एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर, बारा वर्षांचा मधुमेह, तीन गोळ्या घेऊनही साखर हट्टाला पेटलेली. काकांचा बीएमआय येतो ३३. पस्तीसला पोचायला त्यांना ९८ किलोंच्या थोडं पुढे जावं लागेल. थोडक्यात, उपचार मिळवण्यासाठी आधी पाच किलो वाढवा! ही थट्टा नाही. पात्र व्हायला वजन वाढवण्याचा विचार मनात येऊन गेलेली माणसं या वाटेवर खरोखर भेटतात.

पस्तीस आला कुठून? मला वाटायचं, कुणीतरी हजारो माणसांची रक्तं तपासून, आजार नेमका कुठे सुरू होतो ते पाहून ही रेघ मारली असेल. खरी हकीगत बरीच घरगुती आहे. वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांची सरासरी काढता काढता त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा नाद लागला. जाडीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४० च्या दशकात विमेदारांच्या मृत्यूच्या नोंदी चाळून ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. कपड्या-बुटांसकट मोजलेलं वजन ते! डॉक्टरांनी तेच तक्ते दवाखान्यात लावले, आणि आदर्श वजनापेक्षा शंभर पौंड जास्त म्हणजे ‘गंभीर’ अशी रूढी पडली. १९७२ साली अॅन्सेल कीज यांनी केटलेच्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यासाठी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं घेतली होती: अमेरिका, फिनलंड, इटली, जपान, दक्षिण आफ्रिका. बाई एकही नाही. भारत नाही.

मग मार्च १९९१ मध्ये वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक भरवली. ठरलं असं की बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेह, घोरण्यातला श्वासरोध असा गंभीर आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. चाळीस म्हणजे जवळपास तेच जुने शंभर पौंड. त्या काळी हे ऑपरेशन पोट उभं चिरून व्हायचं. दुर्बिणीतून केलेला पहिला बायपास छापून आला तो १९९४ मध्ये. तेव्हा रेघ इतकी वर ओढणं शहाणपणाचंच होतं. चमत्कारिक गोष्ट पुढची: चाकू बदलला, धोका कितीतरी पटींनी उतरला, ऑपरेशनंच वेगळी झाली, आणि रेघ एकतीस वर्षं तिथेच राहिली. विमा कंपन्यांनी ती आपल्या नियमावल्यांत दगडावरच्या अक्षरांसारखी कोरून घेतली.

या सगळ्यात पुण्याचा एक फोटो फार मोलाचा आहे.

फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही सडपातळ. दोघांचा बीएमआय दशांशापर्यंत सारखा: २२.३. यंत्राने अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दुपटीहून जास्त! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा फोटो आला आणि दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला वाय-वाय कोडं असं नाव पडलं. (बायपासमध्ये आतड्याचाही वायच होतो. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.) अशक्त दिसणाऱ्या माणसाच्या आत जाड माणूस लपलेला असू शकतो, हे एवढ्या कमी जागेत दुसऱ्या कशानेच सांगितलं नसतं.

याज्ञिकांच्या पथकाने त्याच्याही मागे जाऊन पाहिलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोंची. पण पुण्याची बाळं बारीक होती ती हातापायांच्या स्नायूंत. पाठीवरची चरबी त्यांनी राखून ठेवली होती. काटक दिसणाऱ्या बाळाने पोटातूनच साठवणीची सवय घेऊन जन्माला यावं! पिढ्यान्‌पिढ्यांची तूट अंगात मुरलेली असली तर शरीर काय वाचवायचं ते आधीच ठरवून टाकतं.

ही बाळं मोठी होऊन विमानात बसली तर? अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा एक दीर्घ अभ्यास सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या विद्यापीठांनी २०१० च्या सुमारास सुरू केला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप होतं ‘मसाला’, आणि ते जुळवून आणलेलं आहे यात मला तरी शंका नाही. पहिल्या खेपेला ९०६ लोक घेतले. त्यांत दिसलं तेच, जे रास्ता पेठेत दिसलं होतं: वजन गोऱ्या शेजाऱ्याइतकं किंवा कमी, तरी मधुमेह जास्त, यकृतात चरबी जास्त, स्नायू कमी. म्हणून अमेरिकी मधुमेह संघटना आशियाई वंशाच्या माणसाची साखर बीएमआय २३ पासूनच तपासा म्हणते. इतरांना हा आकडा २५ आहे.

शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जगातल्या बेरिअॅट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनांच्या दोन संघटनांनी मिळून १९९१ ची रेघ पुसली. आता ३५ च्या वर असाल तर सोबत दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनची शिफारस. ३० ते ३५ मध्ये असाल आणि मधुमेहासारखा आजार असेल तर विचार जरूर करावा. आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी उंबरठा साडेसत्तावीस. साडेपाच फुटी काकांच्या बाबतीत हे ७७ किलो होतात. मी हा आकडा चार मराठी मित्रांना सांगितला. चौघांनीही आधी आपली पोटं आत ओढली आणि मग कॅल्क्युलेटर काढला.

वैद्यकाने उंबरठा खाली आणला. पण बिल वैद्यक भरत नाही.

अमेरिकेत या ऑपरेशनचा खर्च सरासरी १५,००० ते २५,००० डॉलर, असं सरकारी संस्था सांगते. तो कोण भरणार हे ठरतं तुमचा विमा कुठल्या जातीचा आहे त्यावर. आणि या जाती आपल्या जातींइतक्याच गुंतागुंतीच्या आहेत.

पासष्टीच्या पुढच्यांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. २००४ पर्यंत त्याच्या नियमांत स्थूलपणा हा आजारच नाही असं वाक्य होतं. ते काढलं गेलं, आणि २००६ मध्ये ऑपरेशनला दार उघडलं: बीएमआय ३५ किंवा जास्त, सोबत निदान एक संबंधित आजार, आणि आधीचे वैद्यकीय उपचार फसलेले. आशियाईंसाठी इथे वेगळी रेघ नाही. त्याच मेडिकेअरच्या औषध योजनेतून नुसतं वजन उतरवण्याची औषधं मात्र २००३ च्या कायद्याने वगळली. पोट कापायला पैसे, गोळीला नाही, असा तो कायदा! (मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या आईबाबांना मेडिकेअर लगेच मिळत नाही. ग्रीनकार्ड मिळाल्यावरही सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच ते विकत घेता येतं. पाहुण्यांच्या प्रवासी विम्यात असलं काही बसत नाही.) गरिबांसाठीच्या मेडिकेडमध्ये जवळपास सगळ्या राज्यांत हे ऑपरेशन होतं, अटी राज्याराज्याच्या.

नोकरदार मराठी कुटुंबाचा विमा बहुधा कंपनीकडून येतो, आणि घोळ इथेच आहे. विम्याच्या कार्डावर एखाद्या मोठ्या विमा कंपनीचं नाव असतं, पण मोठ्या मालकांच्या बाबतीत पुष्कळदा पैसे मालक स्वतःच भरत असतो. विमा कंपनी नुसती कारकुनी करते. अशा योजनांना १९७४ चा केंद्रीय कायदा लागतो आणि राज्यांचे नियम लागत नाहीत. म्हणजे राज्याने ‘हे ऑपरेशन द्याच’ म्हटलं, तरी मालकाने योजनेतून ते वगळलेलं असलं की विषय संपला. स्वतः बाजारातून घेतलेल्या विम्यात पुन्हा राज्य महत्त्वाचं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात किमान लाभांच्या यादीत ते आहे, टेक्ससमध्ये नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक एडिसनला आणि एक डॅलसला, वजन सारखं, विम्याची किंमत सारखी, आणि उत्तरं दोन.

म्हणून पहिला फोन डॉक्टरला नव्हे, विम्याला करायचा. ‘वजनाचं ऑपरेशन मिळतं का’ असं विचारू नये. फोनवरचा माणूस गोड बोलून काहीही सांगतो. थेट संकेतांक विचारावा: स्लीव्हचा ४३७७५, दुर्बिणीतल्या बायपासचा ४३६४४. या आकड्यांपुढे गोडवा चालत नाही. आणि योजनेच्या जाडजूड पुस्तिकेतलं ‘काय मिळणार नाही’ हे प्रकरण आधी वाचावं. ‘काय मिळेल’ हे सगळेच वाचतात.

काकांचं नशीब बरं निघालं असं धरू. मालकाने ऑपरेशन वगळलेलं नाही, आणि काही विमा कंपन्यांनी अलीकडे आशियाई वंशासाठी अडीच अंकांची सूट नियमात लिहिली आहे (चाळीसऐवजी साडेसदतीस, पस्तीसऐवजी साडेबत्तीस), त्यांतलीच एक काकांची आहे. ३३ आणि मधुमेह: काका अर्ध्या अंकाने आत! आता सुरू होतो फेऱ्यांचा काळ. आहारतज्ज्ञाकडे महिन्याला एक खेप, बऱ्याच योजनांत तीन ते सहा महिने, आणि एक खेप चुकली तर कधीकधी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मानसोपचारतज्ज्ञाची मुलाखत. झोपेची तपासणी. जठराची एंडोस्कोपी, सिगारेट असेल तर बंद. या सक्तीच्या सहा महिन्यांना काही शास्त्रीय आधार नाही, असं सर्जनांच्या संघटनेने स्वच्छ लिहून ठेवलंय. माझंही मत तेच. सहा महिने खेपा घालणारा माणूस बारीक होत नाही, कंटाळतो. आणि कंटाळलेल्याचा क्लेम येत नाही.

एका अटीला मात्र माझा मुजरा. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे फार कमी उष्मांकाचा, बहुतेक पातळ आहार देतात. तो काही शिक्षा म्हणून नाही. चरबीने सुजलेल्या यकृताचा डावा खंड जठरावर पांघरुणासारखा पसरलेला असतो. सर्जनला आधी तो उचलून धरावा लागतो. दोन आठवड्यांत यकृत आपली चरबी खर्च करून आक्रसतं आणि वाट मोकळी होते. वर्षानुवर्षं जमलेली यकृतातली चरबी पंधरा दिवसांत हलते हे वाचून मी हातातला पेढा खाली ठेवला होता. नंतर खाल्ला.

पैशाचा हिशेब असा. समजा विमा कंपनीने रुग्णालयाशी ठरवलेला भाव २४,००० डॉलर. त्यातले पहिले ३,००० डिडक्टिबल म्हणून काकांचे. उरलेल्या २१,००० चे वीस टक्के, म्हणजे ४,२०० हेही काकांचे. एकूण ७,२००. याला वरून एक छत असतं: कायद्याप्रमाणे २०२५ साली एका माणसाने नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडच्या, विम्यात बसणाऱ्या उपचारांवर वर्षाला ९,२०० डॉलरांहून जास्त भरायचं नव्हतं. त्यामुळे जाणकार लोक ऑपरेशन अशा वर्षी करतात जेव्हा दुसऱ्या कशाने डिडक्टिबल आधीच संपलेलं असतं, आणि तपासण्या व ऑपरेशन एकाच कॅलेंडर वर्षात बसवतात. डिसेंबरात तपासण्या आणि जानेवारीत ऑपरेशन केलं तर डिडक्टिबल दोनदा. मधल्या खर्चात भूलतज्ज्ञ नेटवर्कचा आहे की नाही ही जुनी डोकेदुखी होती. २०२२ पासून नियोजित उपचारांतही अशा अचानक बिलांना कायद्याने बराच चाप बसला.

नकार आला तर? बहुतेक लोक तिथेच थांबतात, आणि तीच चूक. नकाराचं पत्र आल्यापासून १८० दिवसांत विमा कंपनीकडेच अपील करता येतं. तिथेही नाही म्हणाले तर चार महिन्यांच्या आत कंपनीबाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडे जाता येतं, आणि वैद्यकीय गरजेच्या वादात त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र मालकाने ऑपरेशनच वगळलेलं असेल तर अपिलात सहसा काही उरत नाही. गरज नाकारली आणि लाभच नाही, हे दोन नकार वेगळे. पत्रातलं ते एक वाक्य नीट वाचायचं. कुणी मग स्वतःचे पैसे घालतात, कुणी सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातात, कुणी सुट्टीत पुण्या-मुंबईला. भाव कमी पडतो खरा. पण टाका गळला तर तो पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत गळतो, आणि तेव्हा आपण विमानात असू नये.

ऑपरेशननंतरचं घर बघण्यासारखं असतं. पहिले दिवस पातळ ताक, वरणाचं वरचं पाणी, प्रोटीनचं दूध, तेही औषधाच्या पेल्यातून घोट घोट. मग मऊ मुगाची खिचडी दोन चमचे, आणि काका खरंच म्हणतात, पोट भरलं. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. बायपासवाल्याने श्रीखंड वाटीभर ओरपलं तर साखर आतड्यात धाडकन उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. बी-१२ शोषायला लागणारा पदार्थ जठरातच तयार होतो आणि ते जठर आता वाटेवर नाही. मुळात शाकाहारी घरात बी-१२ ची बोंब, तेव्हा मराठी रुग्णाने ही गोळी देवपूजेसारखी नेमाने घ्यावी. लटकलेली कातडी काढायचं ऑपरेशन विमा बहुधा सौंदर्याच्या खात्यात टाकतो. आणि मधुमेह कायमचा गेला अशी हमी कुणी देत नाही. क्लीव्हलँड क्लिनिकच्या १५० रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सहाच्या आत होता तो बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांचा, स्लीव्हवाल्यांपैकी २३ आणि नुसत्या औषधांवरच्यांपैकी ५ टक्क्यांचा. जादू नाही. पण पाच आणि एकोणतीस यांत अंतर आहे.

आता काकांना एडिसनहून उचलून पुण्यात आणून ठेवू. तेच ९३ किलो, तोच ३३ बीएमआय, तीच हट्टी साखर. आपल्या देशातल्या सर्जनांनी आशियाई अंगाला शोभेल अशी साडेबत्तीसची रेघ केव्हाच मान्य केली होती. पण विमा नियामकाने २०१९ साली आरोग्य विम्यातली वगळण्याची कलमं सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, तेव्हा वजनाच्या ऑपरेशनच्या कलमात आकडे लिहिले चाळीस, आणि गंभीर आजार सोबत असला तर पस्तीस. बेथेस्डाचे, १९९१ चे. एडिसनला काका अर्ध्या अंकाने आत होते; रास्ता पेठेत, केईएमच्या दारात उभे राहिले तर या कलमाप्रमाणे ते पाच किलोंनी बाहेर आहेत.